बत्तीस लाल दिव्यांची मावशी

…नाही गं, ते खोड. ‘सेविका’ बिविका नको लिहूस, पुस्तकी वाटतं. मावशी लिही. वॉर्डातली मावशी. आख्खा दवाखाना तिला मावशीच म्हणायचा, काल डॉक्टर झालेली पोरंही आणि ऐंशीचे म्हातारेही. घरात मात्र ती धाकटी. माझी धाकटी जाऊ, तुझी धाकटी आजी. लग्न होऊन आली तेव्हा धाकटी होती, आता गुडघे धरून उठते तरी धाकटीच. आपणही तेच लिहू, म्हणजे घोळ नको.

तर तिचं काम काय ते आधी नीट लिही, नाहीतर लोकांना वाटतं मावशी म्हणजे नुसतं पुसपास. चादरी बदलायच्या, भांडं द्यायचं-घ्यायचं, अंग पुसायचं, कुशीवर वळवायचं, घोट घोट पाणी पाजायचं. सिस्टर सुई टोचून पुढे जायची, डॉक्टर कागद बघून पुढे जायचे, आणि मागे उरलेला माणूस धाकटीच्या वाट्याला यायचा. बावीस वर्षं तिसऱ्या मजल्यावर. बत्तीस खाटा, आणि प्रत्येक खाटेच्या उशाशी भिंतीवर एक लाल दिवा. पेशंटनं बटण दाबलं की दिवा लागायचा, दिवा लागला की धाकटी उठायची. जेवत असो, पाय चोळत बसलेली असो, उठायचीच. इतकं अंगात भिनलं होतं की एकदा बाजारात समोरच्या गाडीचा मागचा लाल दिवा लागला, तर ही पिशवी माझ्या हातात कोंबून दोन पावलं पुढे! भावजी म्हणाले, “अगं, ती मोटार आहे. तिला भांडं नको द्यायला.”

भावजी म्हणजे तुझे धाकटे आजोबा. चौकात टपरी आहे त्यांची, किल्ल्या बनवतात, कुलपं दुरुस्त करतात. माणूस कमी बोलणारा, पण बोलला की नेमका.

आणि ते गाठीचं लिही. ते विसरलीस तर पुढचं सगळं फुकट. कसं असतं, आजारी माणसाला काहीतरी धरायला लागतं. तान्ह्या पोराला बोट लागतं ना, तसंच. हात मोकळा राहिला की माणूस चाचपत बसतो. आता धाकटी एकेकापाशी किती बसणार? तर ती जाताना चादरीचं टोक घ्यायची, त्याची घट्ट गाठ मारायची आणि ती त्या माणसाच्या मुठीत द्यायची. “हे धरून ठेवा हं, मी आलेच.” माणूस शांत व्हायचा. का व्हायचा ते देवाला ठाऊक. पण तिथला लाँड्रीवाला तिच्या नावानं शंख करायचा. चादरी उकळल्या की त्या गाठी दगड व्हायच्या. जिन्यावरून ओरडायचा, “कोण आहे ती गाठवाली? सोडवता सोडवता माझी नखं गेली!” धाकटी वरून सांगायची, “नखं परत येतात, दादा.”

अशी ती. मग तो आजार आला.

तुला आठवत असेल थोडं, तुमची शाळा बंद होती. दवाखान्याचं दार सरकारनं बंद केलं. पेशंट आत, घरचे बाहेर. गेटवर माणसं उभी राहायची, गजांना धरून, वर तिसऱ्या मजल्याकडे बघत. वॉर्डात चार मावशा होत्या. एक स्वतःच आजारी पडली, दुसरीला घरच्यांनी पाठवलंच नाही, तिसरीला खालच्या मजल्यावर ओढून नेलं. उरली धाकटी. अंगभर प्लास्टिकचा झगा, तोंडाला दोन दोन मास्क, नुसते डोळे दिसायचे. घरी आली की अंगणातच आंघोळ, आणि आम्ही दहा हात लांब. दोन महिने तिचं जेवण मी पायरीवर ठेवायचे. मांजराला ठेवावं तसं. ती म्हणायची, “जाऊबाई, म्याव.” हसवायची गं आम्हाला. स्वतः जेवायची की नाही, कुणास ठाऊक.

त्या दिवसांत पहिल्यांदा गेल्या त्या नऊ नंबरच्या बाई. खिडकीजवळची खाट. पडदा थोडा सारून ठेवायला लावायच्या, पायांवर ऊन पडायला हवं म्हणून. सकाळची वेळ होती, वॉर्ड जरा निवांत होता, धाकटी त्यांच्याजवळच बसलेली. हात हातात. गप्पा मारता मारता गेल्या म्हण ना. मग त्यांच्या मुलाचा फोन आला. बस कंडक्टर होता तो. त्यानं बाकी काही विचारलं नाही. औषध काय दिलं नाही, किती वाजता नाही. एवढंच, “मावशी, कोणी जवळ होतं का हो?”

“मी होते रे बाळा. हात माझ्या हातात होता.”

पलीकडे तो खूप वेळ रडला. मग म्हणाला, “मग ठीक आहे. ठीक आहे मग.”

ते ‘ठीक आहे मग’ धाकटीच्या कानात राहिलं.

तीन दिवसांनी सव्वीस नंबर गेले. तेव्हा धाकटी वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला होती. फोन आला, त्यांच्या बायकोचा. प्रश्न तोच. धाकटी ‘नाही’ म्हणणार होती गं, खरंच. पण पलीकडे श्वास थांबल्याचं तिला ऐकू आलं. एक बाई आपला श्वास धरून उभी आहे आणि तिचा श्वास सोडवणं आपल्या जिभेवर आहे. जीभ आपसूक बोलून गेली, “मी होते. हात हातात होता.” त्या बाईंनी श्वास सोडला.

मग काय, एकदा पायवाट पडली की पाय तिथूनच जातात. ज्यांच्याजवळ होती त्यांनाही तेच सांगितलं आणि ज्यांच्याजवळ नव्हती त्यांनाही तेच. खोटं बोलून तिनं कधी कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. नुसतं त्या माणसांना झोप लागावी म्हणून.

आता सतरा नंबर. हे सावकाश लिही.

सतरा नंबरला एक म्हातारे पोस्टमन होते. त्यांची एकुलती एक लेक ग्रंथालयात कामाला. आपण तिला पुस्तकवाली म्हणू. ती रोज दुपारी गेटवर येऊन उभी राहायची. म्हाताऱ्यांना वरून दिसायचं नाही, पण रोज विचारायचे, “आली का हो माझी? खालीच असेल, बघा.” धाकटी खिडकीतून बघून सांगायची, “आलीय, बाबा. निळी छत्री आहे.” मग ते गादीवर जरा सैलावायचे.

त्या दुपारी चार नंबरला उलटी झाली. धाकटी तिकडे त्याला सावरत होती. सतराचा लाल दिवा लागला. ती तिथूनच ओरडली, “आले हं बाबा!” आली तेव्हा दिवा लागलेलाच होता. मुठीत सकाळी दिलेली गाठ होती. आणि खाली गेटवर निळी छत्री. मधे फक्त बेचाळीस पायऱ्या.

पुस्तकवालीला तिनं फोनवर काय सांगितलं असेल, ते तुला लिहायला नको सांगायला.

आजार ओसरला, दार उघडलं, लोक विसरायला लागले. पुस्तकवाली विसरली नाही. तिनं सरकारला एक पत्र लिहिलं, आभाराचं. ‘माझ्या वडिलांचा हात शेवटी एका मावशीच्या हातात होता, त्या एका गोष्टीवर मी उभी आहे.’ चांगलंच लिहिलं होतं, तिचा तो धंदाच. ते पत्र सरकारनं आपल्या मोठ्या अहवालात छापलं, आणि खाली ठोकून दिलं की दार बंद असलं तरी एकही पेशंट शेवटी एकटा नव्हता.

इथपर्यंत कुणाला काही कळलं नसतं. पण संसदेत खासदारांची एक कमिटी असते. सरकारनं काय केलं, काय नाही केलं, ते सरकारलाच समोर बसवून विचारायचं. सासूनं सुनेला विचारावं तसं: दूध उतू गेलं तेव्हा तू होतीस कुठं? तर त्या कमिटीनं आजाराची चौकशी काढली आणि धाकटीला साक्षीला बोलावलं. शिक्क्याचं पत्र आलं. भावजींनी टपरीतच मोठ्यानं वाचून दाखवलं. तारीख, वेळ, आणि शेवटी: “साक्षीदारास सोबत एक व्यक्ती आणता येईल.”

धाकटी म्हणाली, “शेवटचं पुन्हा वाचा.”

त्यांनी वाचलं.

“साक्ष द्यायला जाणाऱ्याला सोबत एक माणूस,” ती म्हणाली, “आणि…” उठून टपरीसमोरची जागा झाडायला लागली. भावजींनी सकाळीच झाडली होती.

मग आरोग्य खात्याचा साहेब दवाखान्यात आला. वाईट माणूस नव्हता हो, ते पण लिही. स्वतः उठून तिला खुर्ची दिली. म्हणाला, “मावशी, घाबरू नका. पत्रात आहे तेवढंच सांगायचं. मी होते, हात धरला, झालं. तुमच्यामुळे खात्याची मान वर आहे. पुढच्या साथीची नियमावली करतोय, त्यातही दार बंदच ठेवतोय आम्ही. तुमच्यासारखी माणसं आत असताना नातेवाईक कशाला लागतात?”

त्याचा खरंच विश्वास होता. तेच तर वाईट.

त्या संध्याकाळी धाकटी माझ्यापुढं मटार सोलत बसली होती. दाणे सालींत टाकत होती आणि साली भांड्यात. मी म्हटलं, “अगं, काय होतंय?” तेव्हा तिनं पहिल्यांदा सांगितलं सगळं. सव्वीसचं, सतराचं, बाकीच्यांचं.

मी म्हटलं, “मायेनं बोललीस. त्यात काय पाप?”

“तेव्हा नव्हतं, जाऊबाई. आता माझ्या जिभेची कडी झालीय त्या दाराला. पुढच्या खेपेला कुणाचा तरी बाप आत आणि लेक गेटवर, आणि साहेब म्हणणार, मावशी आहे ना.”

“मग खरं सांग.”

“आणि ती पोर? तिच्या पायाखालची फळी काढू? कालच आली होती गं भेटायला. म्हणाली, ‘मावशी, त्या दिवशी मी पण येणार आहे, मागं बसेन. तुमच्या तोंडून एकदा ऐकायचंय.’”

भावजी कोपऱ्यात एका कुलपाला तेल देत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “मटार मी सोलतो. तू पडून राहा जरा.” बस, एवढंच. पण त्या दिवसापासून सोबतीला तेच जाणार हे ठरून गेलं.

त्या दिवशी कमिटीच्या दारावरच भावजींनी गोंधळ घातला. यंत्रातून गेले आणि यंत्र कोकलायला लागलं. शिपायानं खिसे रिकामे करायला लावले. किल्ल्या निघतायत, निघतायत, संपेचनात.

“हे काय आहे?”

“पोटापाण्याचं.”

“एवढ्या किल्ल्या कुणाच्या?”

“लोकांच्या.”

शिपायाचे डोळे हे एवढे! शेवटी सगळ्या किल्ल्या एका ट्रेमध्ये ठेवून घेतल्या आणि पावती दिली. धाकटी घामानं डबडबलेली, तरी तिला हसू आलं. भावजींनी मुद्दामच नेल्या असतील त्या, असं माझं मत आहे.

आत एक मोठी खोली. घोड्याच्या नालासारखं टेबल, भोवती खासदार. मधोमध अध्यक्षबाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. प्रत्येकापुढं माईक. बटण दाबलं की माईकच्या गळ्याशी दिवा लागतो, मग बोलायचं. कोपऱ्यात एक लेखनिक, जो तो काय बोलेल ते टिपून घेणारा, तू आत्ता घेतेयस तसं. एका बाजूला साहेब, त्याच्याजवळच धाकटी. मागच्या रांगेत भावजी, आणि दोन खुर्च्या सोडून पुस्तकवाली.

साहेबानं आधी ते पत्र वाचून दाखवलं. छान वाचलं. धाकटी तेवढा वेळ मान खाली घालून बसली होती. मागं पुस्तकवालीनं डोळे पुसले. खासदारांनी माना हलवल्या. एकजण तर घड्याळ बघायला लागला, आता आटपलंच म्हणून. साहेबाला अजून एक वाक्य बोलायचं होतं, त्यानं परत बटण दाबलं. त्याच्यापुढं दिवा लागला.

लाल.

आणि धाकटी उठली! खुर्ची मागं सारून, दोन पावलं साहेबाकडं. “आले हं, आले.”

साहेब गांगरला. खोलीत असा हशा पिकला म्हणतेस! एक तरुण खासदार म्हणाला, “मावशी, साहेबांना काही झालेलं नाही.” शेजारचा म्हातारा म्हणाला, “होईल, अजून माझे प्रश्न राहिलेत.” धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथंच उभी, हात पुढे केलेला, मागे घ्यावा की नाही कळेना.

अध्यक्षबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“बाई, का उठलात?”

“सवय हो. लाल दिवा लागला की उठायचं.”

“वॉर्डात असे किती दिवे?”

“बत्तीस.”

“आणि मावशा किती?”

“आधी चौघी. मग मी.”

“त्या दिवसांत एका वेळी किती दिवे लागलेले असायचे?”

धाकटीनं आपल्या हातांकडं बघितलं. “कधी कधी सगळेच. भिंत लाल व्हायची.”

हसणं थांबलं. अध्यक्षबाई अगदी हळू म्हणाल्या, “मग उठून कुणाकडं जायचं, ते कसं ठरवायचात?”

अगं, दोन वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. साहेबानं नाही, डॉक्टरांनी नाही, खरं सांगायचं तर आम्ही घरच्यांनीही नाही. सगळे विचारायचे, जवळ होतीस का? कुणाकडं गेलीस आणि कुणाकडं नाही, हे कोण विचारतंय? ती खुर्चीत बसली. म्हणाली, “जो जास्त घाबरलाय त्याच्याकडं. बाकीच्यांच्या हातात गाठ असायची.”

मग त्यांना गाठ काय ते सांगावं लागलं. पुढ्यात तिथलाच एक पाणी पुसायचा फडका होता, त्याच्या टोकाची मारून दाखवली. तो फडका टेबलावरून फिरला. तो घड्याळ बघणारा खासदार, त्यानं ती गाठ मुठीत धरून बघितली आणि बराच वेळ पुढं दिलीच नाही.

“आणि या पत्रातल्या, सतरा नंबरच्या वडिलांजवळ?” अध्यक्षबाईंनी विचारलं. “तुम्ही होतात?”

लेखनिकाचा हात थांबला. साहेब तिच्याकडं बघत होता. ती मात्र मागं वळली. ती निळ्या छत्रीवाली पोर दिसेपर्यंत वळली.

“ताई,” ती म्हणाली, “मी नव्हते.”

लेखनिक घसा खाकरून म्हणाला, “माफ करा, माईकमध्ये बोलायला हवं. नोंद व्हायची आहे.”

बघ म्हणजे नशीब. एकदा बोलायलाच जीव गेला, आणि ते परत बोलायचं. आत्तापर्यंत ती बिनमाईकचीच बोलत होती, वॉर्डातला खणखणीत आवाज, चालून गेलं होतं. आता तिनं बोट पुढं केलं आणि बटण दाबलं. तिच्यापुढं लाल दिवा लागला. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या दिव्यांना उठली, स्वतःसाठी दिवा लावला तो त्या दिवशी.

“मी जवळ नव्हते. मी चार नंबरला होते. बाबांनी दिवा लावला होता, मी ‘आले’ म्हटलं आणि वेळेत आले नाही. त्यांच्या हातात गाठ होती. त्यांची लेक खाली गेटवर होती. बेचाळीस पायऱ्या आहेत, मी रोज मोजते, गुडघे दुखतात म्हणून. तिला झगा घालून वर सोडलं असतं तर ती माझ्याआधी पोचली असती.”

साहेब म्हणाला, “पण तेव्हा झगेच पुरत नव्हते…”

“पहिले दोन महिने नव्हते पुरत, साहेब, खरं आहे तुमचं. आम्हालाच पुरत नव्हते. मग आले. पेट्याच्या पेट्या, मागच्या खोलीत, छतापर्यंत. त्या आल्यावरही दार उघडायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.” मग म्हणाली, “आणि मी फोनवर सगळ्यांना सांगत राहिले, मी होते म्हणून. म्हणून तुम्हालाही वाटलं, दार बंद असलेलं चालतं. तेवढी चूक माझी लिहा.”

साहेबानं काहीतरी बोलायला बटणाकडं हात नेला. अध्यक्षबाई म्हणाल्या, “राहू द्या. नाहीतर बाई परत उठतील.” या वेळी कुणी हसलं नाही.

बाहेर आल्यावर पुस्तकवाली कुठं दिसली नाही. तिची खुर्ची रिकामी होती, छत्री तेवढी राहिली होती. भावजींनी पावती देऊन किल्ल्या घेतल्या आणि छत्रीही घेतली. बसमध्ये धाकटी खिडकीकडं तोंड करून बसली, तर भावजींनी तिचा हात धरला. चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत पहिल्यांदा! कंडक्टर तिकिटं मागायला आला तरी सोडला नाही, डाव्या हातानं खिसा चाचपत बसले.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. मग दवाखान्यात फोन सुरू. “आमच्या वेळी होतात की नाही?” जो विचारेल त्याला धाकटीनं खरं ते सांगितलं. खाटेचा नंबर सांगितला की तिला सगळं आठवतं, अक्षर येत नसलं म्हणून काय झालं. ज्यांच्या चादरीला गाठ होती, त्यांच्याजवळ ती नव्हती. जिथं हातात हात होता, तिथं गाठ मारायची वेळच आली नव्हती. एका माणसानं तिला वाट्टेल ते सुनावलं. एका बाईनं ‘नका सांगू’ म्हणून फोन ठेवून दिला. सव्वीस नंबरची बायको म्हणाली, “मला तेव्हाच वाटलं होतं. पण बरं वाटलं होतं.” आणि आपल्या गल्लीतली ती मोठ्या तोंडाची, ती नळावर म्हणाली, “मरणाऱ्यांच्या नावानं खोटं बोलायचं म्हणजे कमाल आहे!” मी तिला म्हटलं, “तू जिवंत माणसांच्या नावानं रोज बोलतेस, त्यापेक्षा बरं.” हे लिहिलंस तरी चालेल.

पुस्तकवाली दीड महिन्यानं आली. दारातच उभी. धाकटीनं छत्री पुढं केली. तिनं ती घेतली नाही. बसलीही नाही.

“दिवा किती वेळ लागलेला होता?”

धाकटीला वाटलं, ‘क्षणभरच’ असं सांगावं. पण ती वाट आता तिनं सोडली होती. म्हणाली, “चार नंबरचं तोंड पुसलं, त्याला कुशीवर केलं, हातमोजे बदलले, तिथून चालत आले. एवढा वेळ.”

पोरीनं डोळे मिटून तो वेळ मोजला. खरंच, ओठ हलत होते तिचे. मग ती बसली. खाली, जमिनीवरच. आपल्या ओढणीचं टोक पुढं केलं.

“ती गाठ कशी मारता? दाखवा.”

धाकटीनं टोक घेतलं, दोनदा गुंडाळलं, आतून काढलं, ओढलं. पोरीनं हातात घेऊन बघितली. “एवढी मोठी?”

“ही त्यांच्या मुठीची आहे. प्रत्येकाची मूठ वेगळी असते. त्यांचे हात मोठे होते, थैल्या उचललेले. लहान गाठ त्यांच्या हातातून निसटायची, म्हणून दुहेरी मारायचे.”

मग ती पोर रडली. गाठ मुठीत धरून. धाकटी जवळ सरकली नाही, लांबच बसून राहिली, बोलावलं तर जावं म्हणून. मी आत चहा टाकला आणि मुद्दाम वेळ लावला. बाहेर आले तेव्हा दोघी शेजारी शेजारी होत्या. कोण कुणाकडं सरकलं ते मला माहीत नाही. आता ती महिन्यातून एकदा येते. छत्री मात्र अजून इथंच आहे, मुद्दाम विसरते.

कमिटीनं अहवाल दिला. पुढं कधी असा आजार आला तरी घरचं एक माणूस, झगा-मास्क घालून, पेशंटजवळ असलंच पाहिजे, आणि एका मावशीवर आठच्या वर खाटा नकोत, असं लिहिलंय त्यात. सरकार म्हणतंय, विचार चालू आहे. सरकारचा विचार म्हणजे तुझ्या आजोबांचं दाढ काढणं, चालूच असतं. पण आपल्या दवाखान्यानं एवढं केलंय, तिसऱ्या मजल्यावरच्या दाराला आतून कडी होती ती काढली. भावजींनीच काढून दिली. मजुरी विचारली तर म्हणाले, कडी द्या. ती टपरीत खिळ्याला टांगलीय.

आता शेवटचं, आणि हे मोठ्या अक्षरात लिही.

धाकटीला एकच गोष्ट खाते आहे. सगळ्यांचे फोन आले, नऊ नंबरच्या मुलाचा आला नाही. तो बस कंडक्टर. त्यानंही पेपर वाचला असेल. त्याला वाटत असेल, माझ्याशीही खोटंच बोलली. तिनं त्याचा नंबर लावून बघितला, लागत नाही. डेपोत विचारलं, तर म्हणे नोकरी सोडून दुसऱ्या गावी गेला, कुठं ते कुणाला माहीत नाही. त्याची आई त्याला बारक्या म्हणायची. बसमध्ये गर्दी असली की तो माणसांना हसवत हसवत मागं सरकवायचा, असं ती सांगायची.

म्हणून वाचणाऱ्या बाई, वाचणाऱ्या दादा, तुमच्या ओळखीत, शेजारात, कामावर असा कुणी भेटला, आई त्या आजारात गेलेली, खिडकीजवळच्या खाटेवर, पायांवर ऊन घेणारी, तर हा कागद त्याच्या हातात द्या. आणि वाचायच्या आधीच त्याला सांगा, बाबा रे, तुझ्या आईच्या चादरीला गाठ नव्हती.